तिसऱ्या मजल्यावरची गाडी

वेगात धावणाऱ्या गाडीला काटकोनात वळता येत नाही, म्हणून आमचे साहेबही कधी काटकोनात वळले नाहीत. ऑफिसच्या दारातून सरळ आत यायचं, समोरच्या भिंतीपाशी डावीकडे वळायचं, की त्यांचं टेबल. दहा पावलांचं काम. पण साहेब दारापासूनच थोडे थोडे डावीकडे झुकायला लागायचे. कपाटांच्या रांगेला लांबून वळसा घालायचे, टायपिस्टबाईंच्या खुर्चीला घासून जायचे आणि भलीमोठी कमान काढून टेबलाशी येऊन थांबायचे. शिपायाचं स्टूल त्या कमानीत यायचं. साहेबांनी ते उचलायला लावलं तेव्हा शिपाई करवादला, "साहेब, माझं स्टूल इथं बारा वर्षं आहे!"

"असू दे रे. पण ते माझ्या मार्गात येतंय," साहेब म्हणाले, आणि स्टूल गेलं खिडकीखाली.

ऑफिसात ठीक होतं हो. पण अंधेरीच्या बाजारातसुद्धा तेच. एकदा मी त्यांच्यासोबत होते. चांभाराच्या कोपऱ्यावरून वळायचं म्हणून त्यांनी आधीच्या गल्लीपासून कमान धरली आणि थेट केळीवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळले. केळीवाला ओरडला, "ओ काका, बघून चाला ना! वाट लागली सगळ्याची!" साहेबांनी खाली पडलेला घड उचलून त्याच्या हातात दिला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "चूक तुझी नाही. या कोपऱ्याची त्रिज्याच कमी आहे." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे पाहिलं. ऑफिसात आम्ही सगळे त्यांना मागून 'वळणसाहेब' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचंही, असा मला संशय आहे.

हे सगळं गिरण्यांचा संप लांबत चालला होता त्या दिवसांतलं. माझे वडील गिरणीत होते, म्हणजे तेव्हा घरातच होते. घाटकोपरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत नोकरी अशी माझीच, आणि तीही टेंपररी. दर सहा महिन्यांनी ऑर्डर वाढवून मिळायची. मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं आखलेलं काम ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवायचं, नकाशे चिकटवायचे, गुंडाळ्या सांभाळायच्या. साहेब हेडड्राफ्ट्समन. आमच्या खात्याकडे एक काम आलं होतं, अंधेरी ते मुलुंड अशी उंचावरून जाणारी वेगवान रेल्वे आखायचं. खांबांवर रूळ, रुळांवर गाडी, खाली माणसं आपापल्या कामाला मोकळी. आज असलं काही ऐकून कुणी मान वर करणार नाही. तेव्हा लोक आमच्याकडे बघून हसायचे. घरी मी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आधी नळाला पाणी वर चढू दे म्हणावं, मग गाडी चढवा."

साहेब मात्र गाडी आलेलीच आहे असं बोलायचे. 'होणार', 'येईल' असले शब्द त्यांना चालायचेच नाहीत. राहायचे मुलुंडला. रोज दोन बस बदलून अंधेरीला यायचे, घामाघूम व्हायचे, आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणायचे, "आपल्या गाडीनं आलो असतो तर एव्हाना चार प्रिंट तपासून झाल्या असत्या." मी एकदा चिडवलं, "साहेब, गाडी सुरू होईपर्यंत तुम्ही रिटायर झालेले असाल. मग जाणार कुठे गाडीनं?"

"मुद्दाम येईन अंधेरीला. खाली उतरून एक चहा पिईन आणि परत जाईन. तुझं काय जातंय?"

चेष्टा करायचे तसं म्हणाले खरे, पण त्यातलं दुखणं आम्हाला माहीत होतं. फेब्रुवारीअखेर ते निवृत्त होणार होते आणि सगळ्या नोकरीत त्यांनी आखलेलं काहीही बांधलं गेलेलं नव्हतं. एकही नाही. तरुणपणी त्यांनी गोराईच्या खाडीवर पूल आखला. गोराईची माणसं अजून होडीतूनच ये-जा करत होती. मालाडला रुंद रस्ता आखला. त्या जागेवर भाजीबाजार भरला तो भरलाच. आणखी एका पुलाची फाइल ज्या कपाटात होती त्या कपाटालाच वाळवी लागली. एकदा डबा खाताना मला म्हणाले, "पस्तीस वर्षांत माझी एक रेघ कागदावरून खाली उतरली नाही गं. ही एवढी मंजूर झाली की सुटलो. मग घरी बसून म्हणायला बरं, की ती बघा, ती माझी." बोलताना त्यांनी भाजीतला कढीपत्ता डब्याच्या झाकणावर ओळीनं मांडला होता. अगदी सरळ ओळीत.

आता त्यांची खरी तऱ्हा सांगते. गाडी जाणार तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून. साहेबांचं म्हणणं, मग आपण जमिनीवरून पाहणी करून काय उपयोग? गाडी जिथून जाणार तिथून बघितलं पाहिजे. झालं! वर्षभर आठवड्यातून दोन दिवस आम्ही मार्गाच्या कडेकडेनं बसनं जायचो, एखादी तीनमजली इमारत दिसली की उतरायचो आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबायचो. दार उघडलं की साहेब टोपी काढायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. तुमच्या खिडकीसमोरून आमची गाडी जातेय. दहा मिनिटं बघू का?"

लोकांनी काय काय समजावं! कुणी टीव्हीचा अँटेना दुरुस्त करायला आलेत म्हणून गच्चीची किल्ली हातात दिली. एका सद्गृहस्थांना वाटलं मी साहेबांची मुलगी आणि आम्ही स्थळ बघायला आलोय. त्यांनी आतून मुलाला शर्ट बदलून यायला सांगितलं. मी संतापले होते. साहेब मात्र खिडकीत उभे राहून वहीत लिहीत होते, 'पूर्वेला मोकळं. मुलगा बँकेत.'

ती वही म्हणजे खिडक्यांची वही. डोक्यावरून जायचं तर विचारून जावं, एवढं एकच त्यांचं तत्त्व. प्रत्येक खिडकीला एक पान. विक्रोळीच्या बाजूला एका वहिनींच्या स्वयंपाकघरात आम्ही उभे होतो. समोरून गाडी जाणार ऐकल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर ओट्यावरची खरकटी भांडी मोरीत ढकलली.

"म्हणजे गाडीतली माणसं माझ्या स्वयंपाकघरात बघणार?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, आपली गाडी फार जोरात जाते. तुमचं स्वयंपाकघर त्यांना जेमतेम अर्धा सेकंद दिसणार."

"अर्धा सेकंद पुरतो हो! पसारा दिसायला काय तास लागतो?"

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी नकाशात त्या जागी रुळांच्या कडेला छातीएवढी भिंत आखायला लावली आणि बाजूला टीप घातली, 'आडोसा'. वरच्या ऑफिसातून विचारणा आली की हा आडोसा कशासाठी. साहेबांनी उत्तर पाठवलं, 'पसाऱ्यासाठी.' त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

मला त्यांचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? उन्हातून जिने चढायचे, लोकांच्या घरात आगंतुकासारखं उभं राहायचं, शिवाय ऑफिसात परत येऊन रात्रीच्या आत ट्रेसिंग पुरं करायचं. पण माणूस असा, की कुणाच्याही घरातून निघताना दारात वळून सांगायचा, "बरं का, आवाजाचा थोडा त्रास होईल. माफ करा." अजून न आलेल्या गाडीच्या आवाजाबद्दल माफी मागणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

जानेवारीत मार्ग तयार झाला. सुरेख झाला होता. अंधेरीहून निघालेली रेघ मुलुंडपर्यंत जवळजवळ सुतासारखी, मध्ये दोनच वळणं, तीही इतकी लांबट की नुसत्या डोळ्याला कळू नयेत. वेगवान गाडीला हेच लागतं. वळण जेवढं आखूड तेवढा वेग कमी, आणि वेगच नसेल तर बसगाड्या काय वाईट आहेत? खात्याचे मोठे साहेब खूश होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी शेवटची बैठक, तिथं मंजुरीची शिफारस होणार, असं ठरल्यातच जमा होतं.

त्याच्या आधीच्या शनिवारी साहेबांनी टूम काढली. "चल, एकदा सगळा मार्ग पायी चालून येऊ."

"सगळा? साहेब, वर्षभर बघतोय की आपण!"

"ते वरून. गाडी धावायच्या आधी माणसानं एकदा खालून चालून यावं."

निघालो. काखेत नकाशाची गुंडाळी, पायात नवी चप्पल, आणि मनात साहेबांना शिव्या. ते पावलं मोजत पुढे. दर चाळीस पावलांवर एक खांब. खांबाची जागा आली की थांबायचे, दोन्ही पाय जुळवून ताठ उभे राहायचे, म्हणायचे "खांब!" आणि पुढे चालू पडायचे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मरोळच्या मागच्या अंगाला एका कारखान्याची लांबलचक भिंत आहे. नकाशात ती भिंत संपते तिथंच नाला सुरू होतो आणि पुढचा खांब नाल्याच्या पलीकडे. आम्ही भिंत संपवली. साहेबांनी चाळीस पावलं टाकली. नाला नाही. आणखी चाळीस टाकली. नाला नाहीच. समोर शेवग्याची झाडं, दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या, कौलारू आणि पत्र्याची बसकी घरं.

"नकाशा उघड," साहेब म्हणाले.

मी तिथंच मातीत उकिडवी बसून गुंडाळी उघडली. नकाशात भिंत आणि नाला एकमेकांना चिकटलेले. मध्ये काही म्हणजे काही नाही. आणि बरोबर त्या जागी सांधा होता. सर्वेचे नकाशे सुटे सुटे येतात. त्यांच्या कडा कापून, एकावर एक ठेवून, डिंकानं चिकटवून सलग पट्टा करायचा असतो. तो पट्टा मी केला होता. भिंत नकाशात दोन रेघांनी दाखवतात आणि नाल्याचा काठही दोन रेघांनी. कडा दमट हवेनं कुरतडल्यासारख्या झालेल्या, संध्याकाळ होत आलेली, मला घरी जायची घाई. या नकाशावरच्या दोन रेघा त्या नकाशावरच्या दोन रेघांवर चपखल बसल्या आणि मी खूश होऊन डिंक लावला होता. दोन बोटं रुंदीची पट्टी खाली दाबली गेली. त्या दोन बोटांत हा अख्खा पाडा होता.

आणि वर्षभर साहेबांना तो का दिसला नाही? तर साहेब तिसरे मजले बघत होते. पाड्याला तिसरा मजला नव्हता. दुसराही नव्हता. अलीकडच्या खिडकीतून आम्ही शेवग्याचे शेंडे पाहिले होते आणि वहीत 'झाडी' असं लिहिलं होतं.

मी गुंडाळी परत बांधली. साहेब पावलं मोजत घराघरांमधून चालत राहिले आणि एका घराच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, पाय जुळवून उभे राहिले. "खांब" मात्र म्हणाले नाहीत. आतून एक म्हातारी आली. कोकणातली, मालवणी बोलणारी.

"कोण होयो तुमका?"

"कुणी नको आजी. जरा उभा राहिलोय."

"उबे कित्याक? उन्हातसून इलास, बसा मां हय." तिनं पाट टाकला, बरोबर खांबाच्या जागी. मग माझ्या काखेतल्या गुंडाळीकडे तिची नजर गेली. "सरकारचे मां तुमी? मगे आमचो नळ कधी येतलो?"

"नळाचं खातं वेगळं, आजी. आमचं गाडीचं."

"गाडी हय खंय इली? हय रिक्षा येना नाय," ती हसली. "चाय घेतल्याशिवाय मात्र जावचा नाय हां."

चहा झाला. तिचा मुलगाही गिरणीतला, संपात घरी बसलेला. तो आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. माझ्या वडिलांसारखाच. साहेब कपबशी हातात धरून घरं मोजत होते. बोट न दाखवता, नुसत्या मानेनं. सतरा. परत बसस्टॉपवर येईपर्यंत ते एवढंच बोलले, "आलं घातलं होतं गं चहात. छान होता."

सोमवारी ते माझ्याआधी ऑफिसात हजर. शेगडीवर पातेलं ठेवलं होतं. सांधा वाफेवर धरून त्यांनी ब्लेडच्या पात्यानं कडा हळूच उचलली, आणि डिंकाखालून एकेक चौकोन वर येत गेला. सतरा चौकोन, एक विहीर, एक पायवाट. सर्वेवाल्यांनी सगळं नीट दाखवलं होतं. मीच ते झाकलं होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की सांधा ज्यानं चिकटवला त्यानं पाठीमागे आपली आद्याक्षरं घालायची. साहेबांनी नकाशा उलटा केला, पाहिलं, परत सुलटा केला. माझ्याकडे पाहिलं नाही. माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच आठवड्यात वर जायची होती, हे त्यांना ठाऊक होतं, कारण शिफारस त्यांचीच होती.

मग त्यांनी पेटी उघडली. लाकडी पेटीत वेगवेगळ्या त्रिज्यांच्या कमानपट्ट्या असतात, लांबट वळणापासून आखूड वळणापर्यंत. एकेक काढून पाड्याभोवती ठेवून बघायला लागले. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला टेकडी. लांबट पट्ट्या कुठल्याच बसेनात. डबा खायची वेळ झाली तरी हे चालूच. शेवटी सगळ्यांत आखूड पट्टी बसली. साहेबांनी कागदावर हिशेब मांडला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं साहेब?"

"इथं गाडीला एवढा वेग कमी करावा लागेल की पुढे परत घेईपर्यंत मुलुंड येईल. सायकलवाल्याला मागे टाकेल, एवढंच."

मला राहवलं नाही. "साहेब, सतराच तर घरं आहेत. देतील त्यांना दुसरीकडे जागा."

"देतील."

"मग?"

"अशी दिलेली जागा तू कधी बघितलीयस?"

मी बघितली होती. आमच्या चाळीतल्या एका कुटुंबाला मिळाली होती, खाजणात, भरतीचं पाणी चुलीपर्यंत येणारी. मला त्यांचा भयंकर राग आला होता. चूक माझी, आणि राग त्यांचा! एवढी पस्तीस वर्षं वाट बघितली, आता दोन दिवस डोळे मिटून घेतले असते तर काय बिघडलं असतं? साहेबांनी दौत उघडली, आखूड पट्टी धरली आणि एका दमात वळण शाईनं काढलं. हात जराही हलला नाही. मग उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

बुधवारी बैठकीत नकाशा टाचण्यांनी लावायला मी होते. मोठे साहेब नकाशाजवळ आले, चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय मध्येच? परवापर्यंत सरळ होती ना रेघ?"

"होती साहेब. सांध्याखाली एक पाडा दबला होता. परवा उघडला."

"दबला होता? कुणी चिकटवला हा सांधा?"

टाचणी माझ्या बोटात घुसली तरी कळलं नाही. आमचे साहेब पुढे झाले, नकाशाची कड उलटली आणि मागची अक्षरं दाखवली. त्यांची स्वतःची आद्याक्षरं होती. माझी त्यांनी ब्लेडनं खरवडून काढली होती. इतकं सफाईनं, की कागदाचा पोतसुद्धा बिघडला नव्हता. पस्तीस वर्षं शाई खरवडलेला हात तो.

"तुम्ही?" मोठे साहेब म्हणाले. "हेडड्राफ्ट्समन असून डिंक लावायचं काम तुम्ही करता?"

"घाईत होतो साहेब. लक्ष राहिलं नाही."

मोठ्या साहेबांनी त्या वळणावरून बोट फिरवलं. वाईट माणूस नव्हता तो. काम व्हावं एवढंच त्याला हवं होतं. मग हसून म्हणाला, "बरं, ऑफिसात डिंक संपलाय का?"

"नाही साहेब. आहे."

"मग परत चिकटवा. मंजुरी तर येऊ दे, पाड्याचं पुढचं पुढं बघू. तुमची रेघ सरळच ठेवा की!"

सगळे हसले. खोलीत हसत नव्हतो ते आम्ही दोघंच. साहेबांना तिथंच त्यांची गाडी देऊ केली होती. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, म्हणा ना बरं. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"चिकटवलं असतं साहेब," ते म्हणाले, "पण मी तिथं चहा प्यायलोय."

"काय प्यायलात?"

"चहा. आलं घातलेला."

मोठ्या साहेबांनी फाइल मिटली आणि योजना फेरविचारासाठी परत पाठवली. फेरविचार म्हणजे काय ते आमच्या खात्यात शिपायालाही कळायचं. शिवाय साहेबांना हलगर्जीपणाबद्दल मेमो निघाला, त्यांच्या सर्व्हिस बुकात तशी नोंद झाली. नोकरीतली पहिली. पाड्यातल्या कुणाला यातलं अवाक्षर कळलं नाही. कळवणार कोण, आणि काय कळवणार?

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी मी त्यांच्या टेबलाशी गेले. "साहेब, मी वर जाऊन सांगते."

"काय?"

"सांधा माझा होता म्हणून."

त्यांनी घास खाली ठेवला. "म्हणजे मी भर बैठकीत खोटं बोललो, असं सांगणार? पंधरा दिवस राहिलेत माझे. त्यात खोटारडा नको ठरवूस बाई. नुसता हलगर्जी बरा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुझी ऑर्डर सहीला गेलीय. गप्प राहा."

"पण तुमची रेघ गेली साहेब."

"गेली." चष्मा काढून ते शर्टाच्या टोकानं पुसत बसले. "वाईट वाटतं गं. फार वाटतं. वाटायचंच."

खरं सांगते, 'गप्प राहा' म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, घरी गेल्यावर, वडिलांना ऑर्डर सहीला गेल्याची बातमी सांगताना, ते कितीतरी महिन्यांनी हसले तेव्हा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मोठे साहेब भाषणाला उभे राहिले. साहेबांच्या हाताच्या सफाईचं, शिस्तीचं, वक्तशीरपणाचं अगदी मनापासून कौतुक केलं त्यांनी. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "पस्तीस वर्षांत या माणसानं एकच चूक केली. पण केली ती अशी, की अख्खी रेल्वेच बंद पाडली!"

हशा पिकला. टायपिस्टबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेबही मान डोलावत हसले, मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून. मी तिसऱ्या रांगेत होते. कायम झाल्याची ऑर्डर दोनच दिवसांपूर्वी माझ्या हातात पडली होती, पर्समध्येच होती. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या.